मावळा नंबर तीन

नाशिकच्या हौशी नाटकाचा पहिला अंक बऱ्याचदा द्वारका चौकातच होतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे भेटतात आणि भेटले की लवकर सोडत नाहीत. वरून उड्डाणपूल गेला, खालून पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला. पुलावरची गाडी सुटते, भुयारात कुणी उतरत नाही आणि मधल्या मजल्यावर उरतो तो नेपथ्याचा टेम्पो. त्यात तीन लेव्हल, थर्माकोलचे दोन खांब, एक सिंहासन आणि ते घसरू नये म्हणून त्यावर बसवलेला अभिनयाचा विद्यार्थी. भूमिका : मावळा नंबर तीन. सिंहासनावर बसायची संधी त्याला एवढीच.

हा विद्यार्थी काठे गल्लीतला. वर्गात पहिल्या दिवशी त्याला स्तानिस्लाव्हस्की शिकवला. स्वतःच्या आठवणीतली भावना भूमिकेत कशी आणायची ते समजलं. पुढच्या आठवड्यात लेव्हल कशी उचलायची ते समजलं. (कंबरेतून नाही, गुडघ्यातून.) आजवर दुसरीच विद्या जास्त कामाला आली.

प्रवेशाच्या वेळी त्यानेही 'नटसम्राट'मधलं स्वगतच म्हटलं होतं. शिरवाडकर नाशिकचे, तेव्हा इथल्या पोरांचा तो जन्मसिद्ध हक्कच. मिसरूड धड फुटलेलं नाही, दुपारचा डबा अजून आई भरून देते आणि चेहऱ्यावर पोटच्या पोरांनी वाऱ्यावर सोडल्याचं दुःख! 1970 साली श्रीराम लागूंनी अप्पा बेलवलकर उभे केले तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि त्याआधी कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून काम केलेले होते. आपल्या विद्यार्थ्याची घशाशी ओळख तो बसला तेवढ्यापुरतीच.

मग आली राज्य नाट्य स्पर्धा. 1954 पासून चालत आलेल्या या स्पर्धेने मराठीला कितीतरी मोठे नट दिले, हे वर्गात रोज सांगितलं जातं. ते नट सुरुवातीला काय उचलत होते, ते कुणी सांगत नाही. परशुराम सायखेडकर नाट्यगृहात तिसरी घंटा झाली. समोर मिणमिणत्या दिव्याशी तीन परीक्षक, त्यांच्या मागे चुका मोजायला आलेले दुसऱ्या संस्थांचे कलावंत आणि उरलेल्या खुर्च्यांवर नातेवाईक.

दिग्दर्शकाला हवं होतं हजारोंचं सैन्य, हाताशी होते चार मावळे. त्यावर रंगभूमीची जुनी युक्ती निघाली : उजव्या विंगेत जायचं, मागच्या पडद्याआडून अंधारात पळायचं आणि डावीकडून पुन्हा प्रवेश करायचा. दुसऱ्या फेरीला लेव्हलच्या खिळ्यात धोतर अडकलं. तिसऱ्या फेरीला पट्टा सुटला. चौथ्या फेरीला मावळा नंबर तीन आला तो धापा टाकत, डोळे पांढरे करून. प्रयोगानंतर एका परीक्षकाने लढाईचा शीण फार आतून आल्याचं कौतुक केलं. स्तानिस्लाव्हस्की धन्य झाला असावा. मामींनी मात्र विचारलं, "अरे, तू नक्की कुठला?"

तसं पाहिलं तर नाशिकला याहून सोपे मार्ग ठाऊक आहेत. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी उपाहारगृहात स्वयंपाक करणारे साळुंके निवडले आणि 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांना तारामती केलं. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! तेव्हा अभिनयाचे वर्ग नव्हते, म्हणून बहुधा जमलं.

अलीकडे 'संगीत देवबाभळी' गाजलं. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख नाशिकचेच, त्यामुळे वर्गात पेढे वाटले गेले. विद्यार्थ्याने मोठ्या आशेने प्रयोग पाहिला. पात्रं दोन : आवली आणि रखुमाई. सैन्याला वावच नाही.

घरी वडिलांचा प्रश्न वेगळा आहे : मालिकेत कधी दिसणार? शेजारपाजारच्यांच्या लेखी टीव्हीवर दिसेपर्यंत माणूस नट नसतोच, नुसता तालमीला जाणारा असतो. टेम्पोच्या भाड्यात आणि दाढी-मिशांच्या खर्चात स्वतःचा वाटा देऊन हा पोरगा नाटक करतो, हे वडिलांना अजून सांगितलेलं नाही. 'हौशी' कशाला म्हणतात ते त्यांना आपोआप कळेलच.

यंदा मात्र प्रगती झाली. नव्या नाटकात त्याला वाक्य मिळालं : "महाराज, खलिता आला आहे." आठ दिवस तो ते निरनिराळ्या भावनांनी म्हणून पाहत होता. परवा रंगीत तालमीत नाटक वेळेबाहेर गेलं आणि दिग्दर्शकाने खलिताच कापला. पन्नास तिकिटं खपवायची जबाबदारी तेवढी कायम आहे.