बोलीबहाद्दर

ऑनलाइन लिलावात माणसं कशी फसतात हे ज्याला बारीकसारीक तपशिलांसह ठाऊक असतं, तो माणूस रविवारी रात्री पावणेदहाला हमखास लिलावातच बसलेला सापडतो. ही जात आता गावोगाव झाली आहे. कोणी जुनी घड्याळं घेतं, कोणी पोस्टाची तिकिटं, कोणी बँकेने जप्त केलेले फ्लॅट नुसतेच बघत बसतं. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतला नमुना जुन्या नाण्यांचा आहे. त्यांना सगळे बोलीकाका म्हणतात, पाठीमागे. समोर नुसतं काका.

नाशिकरोडला खडा मारला तर तो नोटांच्या प्रेसमधल्या माणसाला लागतो. काका मात्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. "प्रेसवाल्यांनी जन्मभर नवा पैसा बघितला, पण घरी नेता आला नाही. मी जुना बघतो आणि घरी आणतो," असं ते म्हणतात. काकूंच्या मते यातला शेवटचा भाग हीच खरी अडचण आहे.

काकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सोनाराचा छोटा काटा, एक भिंग, दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक आणि कुठल्याशा सहकारी बँकेची जुनी डायरी असते. राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, म्हणजे जुना एक तोळा. तो चुंबकाकडे सरकता कामा नये. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला भिंगातून बारीक शिवण दिसते आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. हे ज्ञान त्यांनी जिरवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बारशाला कोणीतरी बाळाला चांदीचा रुपया दिला. काकांनी खिशातून काटा काढला, पाळण्याशेजारीच मांडला आणि मोठ्याने म्हणाले, "वजन कमी आहे." बाळाची आजी अजून त्यांच्याशी बोलत नाही. रुपयाबद्दल म्हणाले होते, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं आहे. पण मग रुपया तिच्याच माहेरून आला होता असं निघालं.

काकांचा खरा अभ्यास मात्र नाण्यांचा नाही, मेहुण्याचा आहे. विक्रेत्याच्या सांगण्यावरून भाव फुगवायला जो खोटी बोली लावतो, त्याला इंग्रजीत 'शिल' म्हणतात. काका त्याला मेहुणा म्हणतात. "आज तीन मेहुणे होते," असं ते सोमवारी सकाळी दुधाच्या रांगेत सांगतात. काकूंचा भाऊ ओझरला असतो. त्याला या शब्दाचं फार लागतं.

मेहुण्याची कार्यपद्धती काका अशी समजावतात. "समज, तू एका नाण्याला पाच हजार कमाल रक्कम टाकलीस. यंत्र एकदम पाच हजार लावत नाही. दुसऱ्याची बोली दोन हजार असेल तर तुझ्या नावाने एक पायरी वर, दोन हजार शंभर. तुझे पाच हजार पोटात ठेवतं. आता मेहुणा येतो. त्याला नाणं नकोय, त्याला तुझ्या पोटातलं हवंय. तो शंभर-शंभरने टोचत जातो. अडीच, तीन, चार. तुझी कमाल ओलांडली की त्याला कळतं, इथे तळ लागला. मग 'चुकून शून्य जास्त पडलं' म्हणून तो आपली शेवटची बोली मागे घेतो. आणि तू आनंदात. दोन हजार शंभरला मिळणारं नाणं जवळजवळ पाच हजारांना जिंकलं म्हणून तू पेढे वाटतोस."

मेहुणा ओळखता येतो, पण सवड पाहिजे. साइटवर बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात: पहिलं अक्षर, तीन चांदण्या, शेवटचा आकडा. काका त्या चांदण्यांमागचा माणूस डायरीत टिपून ठेवतात. कोण फक्त एकाच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतं. कोणाचं खातं कालपरवा उघडलंय. कोण लिलावाच्या पहिल्या दिवशी तावातावाने चढतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत, जेव्हा खरं गिऱ्हाईक जागं होतं, तेव्हा गडप होतं. कोण सारखं हरतं आणि तरी परत हौसेने येतं. आणि मेहुणा कधीकधी चुकून जिंकतो, हा तर काकांच्या आवडीचा अध्याय. तेच नाणं, तोच ओरखडा, पंधरा दिवसांनी पुन्हा लिलावात. खाली ओळ: आधीच्या खरेदीदाराने पैसे दिले नाहीत. किंवा मग हरलेल्या माणसाला निरोप येतो की जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे, तुम्हाला दुसरी संधी. ही संधी साइटच्या आतून आली तर निदान विचार करता येतो. बाहेरून, 'थेट यूपीआय करा, कमिशन वाचेल' अशा गोडीत आली की समजावं, कमिशन वाचणार आणि बाकी सगळं जाणार.

या शास्त्राचा इतिहासही काकांना पाठ आहे. १९९५ साली पिएर ओमिद्यारने जी साइट काढली, तिचंच पुढे ईबे झालं. तिच्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे १४.८३ डॉलरचा बिघडलेला लेझर पॉइंटर. बिघडलाय हे माहीत आहे ना, असं विचारल्यावर घेणारा म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. "पायाच असा घातलाय," काका म्हणतात. पण त्यांचं दैवत वेगळं. २००० साली सॅक्रामेंटोच्या केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने ईबेवर एक चित्र विकायला ठेवलं. सुरुवात पंचवीस सेंटपासून. मजकूर असा की घराच्या सफाईत काढतोय, पोराने खेळण्यातल्या गाडीने भोक पाडलंय, बायको घरात ठेवू देत नाही. चित्रकाराचं नाव कुठेही नाही. फक्त कोपऱ्यात 'आरडी ५२' ही सही. बघणाऱ्यांनी आपल्याच हुशारीने ओळखलं की हा रिचर्ड डिबेनकॉर्न. बोली गेली १,३५,८०५ डॉलरवर. मग निघालं की या गृहस्थाने स्वतःच्या मालावर दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावली होती, तिघांच्या टोळीने चाळीसहून जास्त खाती चालवली होती, आणि भोक पाडणारं पोर नि तक्रार करणारी बायको या दोघांचा मुळात पत्ताच नव्हता. ईबेने सौदा रद्द केला, वॉल्टनने पुढच्या वर्षी कोर्टात गुन्हा कबूल केला, वकिली गेली. मग त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. काकांना त्याच्या लबाडीपेक्षा लेखनशैलीचं कौतुक आहे. 'आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, मला यातलं काही कळत नाही' असं नाण्याखाली दिसलं की ते खुर्चीत सावरून बसतात. ज्याला काही कळत नाही, त्याने फोटो बरोबर झिजलेली बाजू खाली ठेवून कसा काढला, हा त्यांचा सवाल असतो.

कॉलनीवर या ज्ञानाचे उपकारही आहेत, ते नाकारून चालणार नाही. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आणि वैष्णोदेवीचं नाणं यांना लाखो रुपये मिळतात हे मोबाइलवर वाचून अर्धी कॉलनी देवघरातले डबे उपसत होती. एकाला तर फोनही आला: नोट घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र पाठवलंय. काकांनी ते पत्र हातात घेतलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे की ती असल्या व्यवहारांत नाही, कोणाकडून शुल्क-कमिशन मागत नाही, कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. पण काकांनी हे काहीच सांगितलं नाही. त्यांनी फोन स्पीकरवर घेतला आणि पत्राचा जावक क्रमांक विचारला. मग संदर्भ. मग सहीच्या खाली पदनाम का नाही. पलीकडचा माणूस पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला, तेव्हा काका म्हणाले, "पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. हे परिपत्रक तुमच्या टेबलावर आलेलं दिसत नाही." फोन पलीकडूनच बंद झाला. सरकारी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला लुटायला निघणं हीच मुळात त्या बिचाऱ्याची चूक.

तसाच एकजण १८१८ सालचं, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि दुसऱ्या बाजूला हनुमान असलेलं नाणं घेऊन आला होता. तांदूळ ओढून घेतं म्हणे. काका म्हणाले, "अठराशे अठराला कंपनी पेशवाई बुडवत होती. तिला हनुमान पाडायला सवड कुठली?"

काकांचं बालपण निफाड तालुक्यात गेलं. वडिलांबरोबर कांद्याच्या गाडीवर बसून ते लासलगावला जायचे. तिथे बोली लावणारा समोर उभा असायचा, त्याचं तोंड दिसायचं, चहा कोणाबरोबर पितो तेही दिसायचं. त्याआधीच्या पिढ्यांनी हत्ता पाहिला होता: रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसायचा. ऑनलाइन लिलाव म्हणजे तोच रुमाल परत आलाय, असं काकांचं मत आहे. फक्त या वेळी रुमाल विकणाऱ्याच्या खिशातला आहे.

कायदा काकांच्या बाजूने आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ म्हणतं की विकणाऱ्याने भाव चढवायला खोट्या बोलीचा वापर केला, तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो. (सायबर फसवणुकीची हेल्पलाइनही १९३०च, काका याला योगायोग मानत नाहीत.) पण नोटीस पाठवायची कोणाला? एम, तीन चांदण्या, सात, यांस सप्रेम नमस्कार? काका साइटला तक्रार करतात. उत्तर यंत्राकडून येतं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. काका उलट टपाली लिहितात, स्मरणपत्र क्रमांक दोन.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाने फसू नये. काका तसे फसत नाहीतच. डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईत नियम आहे: कमाल रक्कम आधी ठरवायची, एकदाच टाकायची, आणि जेवायला बसायचं. नियम उत्तम आहे. मेहुण्याने कितीही टोचलं, तरी भाव त्या रकमेपलीकडे जात नाही. रविवारी काका रक्कम टाकतात, पाटावर बसतात, वरणभात कालवतात आणि फोन ताटाशेजारी उभा करतात. नऊ अठ्ठावन्नला कोणीतरी शंभराने वर जातं. "मेहुणा आहे," काका म्हणतात. मेहुणा आहे हे कळल्यावर खरं तर शांतपणे ताक प्यायला हवं. पण काका इरेला पेटतात. त्या हलकटाला नाणं मिळता कामा नये! त्याला नाणं नकोच आहे, हे त्यांनीच मला शिकवलेलं असतं. आमटीच्या हाताने दोनशे वाढतात. पलीकडून शंभर. काकू शांतपणे म्हणतात, "माझ्या भावाला जिंकू द्या की एकदा."

'एम, तीन चांदण्या, सात' हा तर काकांच्या मते मेहुण्यांचा मुकुटमणी. इंदूरच्या होळकरी नाण्यांवर तो यायचाच, शेवटच्या मिनिटाला यायचा, काकांना घायाळ करून जायचा. डायरीत त्याच्यासाठी वेगळं पान होतं. पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनाला मी काकांबरोबर गेलो होतो. तिथे चहाच्या टेबलाशी सांगलीचे एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांच्या शबनममध्येही काटा, भिंग, चुंबक. बोलता बोलता मास्तर तावात आले. त्यांनाही एक मेहुणा छळत होता. के, तीन चांदण्या, दोन. होळकरी नाण्यांवर टपलेला असतो, म्हणाले. विक्रेत्याचा पगारी माणूस, दुसरं काय.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. दोघांनी एकमेकांना फोन दाखवले. शेवटी एक अर्धा रुपया त्या दोघांनी मिळून कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता, त्याचा हिशेब निघाला. विक्रेत्याला मेहुणा ठेवायची गरजच पडली नव्हती.

आता त्यांचं मेतकूट जमलं आहे. लिलावाची यादी आली की सांगलीला फोन जातो. होळकर तुमचे, गायकवाड आमचे. कोल्हापूरवर मास्तरांचा हक्क, भौगोलिक. एकाने हात घातला की दुसऱ्याने बघायचं नाही. भाव चढत नाहीत, विक्रेते हवालदिल आहेत, आणि काका रविवारी जेवण संपवून उठतात.

"काका," मी म्हटलं, "टेंडर भरताना ठेकेदार आपसांत असं ठरवायचे, त्याला तुमच्या खात्यात रिंग म्हणायचे ना?"

काकांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. "रिंगमध्ये ठेकेदार असतात," ते म्हणाले. "आम्ही संग्राहक आहोत."