येतो रे, खंड्या

मराठी घरातून कोणी 'जातो' म्हणत निघत नाही, 'येतो' म्हणतो. आमचा कुत्रा, खंड्या, हा शब्द फार मनावर घेतो. मी 'येतो रे' म्हणून दार ओढून घेतलं, की तो आतल्या बाजूला बसून त्याच क्षणापासून माझी वाट बघायला लागतो.

खंड्या आला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. जळगावचा मे महिना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि घरात चोवीस तास चार माणसं. माणूस हा घरातच राहणारा प्राणी आहे, अशी त्याची समजूत झाली तर त्यात त्याची काय चूक? पुढे ऑफिसं उघडली, मुलांची कॉलेजं सुरू झाली आणि एके सकाळी दहा वाजता फ्लॅट रिकामा झाला. संध्याकाळी परतलो तर दाराची चौकट तासून निघालेली, माझी एक चप्पल संपलेली. शेजारच्या आक्का मूळच्या साक्रीकडच्या. त्या बंद दाराला तोंड लावून आत विचारत होत्या, "काबर रडस रे भाऊ? येतीन ना त्या आते."

धुळ्याकडच्या आमच्या गावी हा प्रश्नच नव्हता. धाब्याचं घर, पुढे ओटा, ओट्यावर कायम कोणीतरी टेकलेलं. कुत्रं गल्लीचं. ते कोणाचं आहे हे फक्त ते चावल्यावर विचारलं जायचं. सगळे शेतात गेले तर कुत्रंही मागोमाग शेतात. त्याला घरात एकटं ठेवून कुलूप लावायचं, ही कल्पना आजीला सांगितली असती तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, कुत्र्याला रागावू नका, तो सूड घेत नाही, घाबरतो. त्याला तुमच्या निघण्याची भीती आहे, तर निघण्यातला अर्थच काढून टाका. किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घाला आणि भाजी निवडा. दाराबाहेर जा, मनात दहा आकडे मोजा आणि आत या. मग मिनिट, मग पाच मिनिटं. आणि जाताना-येताना अजिबात गाजावाजा नको.

बाकी सगळं जमलं, गाजावाजा सुटेना. आमच्याकडे निघणं हा एक कार्यक्रम असतो. चष्मा राहिला म्हणून एकदा परत, छत्रीसाठी दुसऱ्यांदा, गॅस बघायला तिसऱ्यांदा, दारात पाहुण्याशी अर्धा तास गप्पा, त्यात "आता चहा घेऊनच जा." डॉक्टरांनी सांगितलेला सराव हे घर पिढ्यान्‌पिढ्या करत आलंय. फक्त त्यातून शांत कोणीच झालेलं नाही.

तरी नेटाने लागलो. ऊन तापायच्या आत, सहाच्या आधी मेहरूण तलावाची मोठी फेरी, म्हणजे गडी दमून झोपेल. निघताना रबरी खेळण्यात बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, म्हणजे काढत बसेल. (शेवभाजीकडे त्याचा डोळा असतो, पण कांदा कुत्र्याला बाधतो.) कूलर चालू आणि सोबतीला आकाशवाणी जळगाव. केळीवरच्या करप्याबद्दल आता खंड्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असावी.

मुलाने जुना मोबाइल कपाटावर ठेवून चित्रण केलं. पहिला अर्धा तास येरझाऱ्या, रडणं. मग हळूहळू भाकरी, मग झोप. असंच स्वीडनमध्ये, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग या संशोधकांनी बारा कुत्र्यांना अर्धा, दोन आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं होतं. दोन तासांनी मालक आला तर कुत्री अर्ध्या तासाने आल्यापेक्षा जास्त उसळली. चार तासांनी मात्र दोन तासांइतकीच. जळगाव ते धुळे एसटीने साधारण दोन-अडीच तास. म्हणजे धुळे येईपर्यंत खंड्याची आमच्याबद्दलची ओढ पुरेपूर भरलेली असणार, पुढे मुक्काम कितीही लांबो. हे गणित माझं, त्या बायांचं नव्हे.

या गणिताच्या भरवशावर श्रावणात कानबाईच्या सणाला गावी निघालो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी विसर्जन. भाऊबंद कुठेही असोत, रोटाच्या प्रसादाला यावंच लागतं. खंड्या आक्कांकडे. रविवारी रात्री त्यांचा फोन: "जेवना. निजना." दोनच शब्द, पण मला झोप लागली नाही. तो रडला असता तर बरं वाटलं असतं की काय, हा विचार अंथरुणात बराच वेळ टोचत राहिला. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, त्यामुळे परतताना त्याच्यासाठी एक घ्यावा का, यावर काकांकडे चाचपणी केली. काकांनी उत्तर दिलं नाही. नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

आता खंड्या तीन-चार तास बिनबोभाट राहतो. एक खोड तेवढी राहिली आहे आणि ती माझी आहे. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघितल्याशिवाय माझा पाय जिन्यावर पडत नाही. कडी खडखडली की आत तो उठतो, शेपटी दारावर आपटू लागते. मला वाटतं, आता लगेच उतरलो तर त्याला फसवल्यासारखं होईल. मग कुलूप काढतो, आत जातो.

"चष्मा राहिला होता रे," म्हणतो.

चष्मा डोळ्यांवरच असतो.