नक्कल मागणाऱ्या खुळ्यांची स्तुती

वनखात्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या दंडाची पावती जो माणूस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घराच्या आढ्याला खोचून ठेवतो, त्याला गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात खुळा म्हणतात. दंड भरला, विषय मिटला, आता त्या कागदाला काय चाटायचे? त्याच्याहून मोठा खुळा दुसरा आहे. त्याच्याकडे पावतीसुद्धा नाही. बापावर कधीतरी जंगलाची केस झाली होती एवढेच त्याला आठवते, आणि तेवढ्या आठवणीवर तो निकालाची नक्कल काढायला बस धरून निघतो. मला या दोघांची स्तुती करायची आहे.

शहाण्यांचे म्हणणे आधी सांगतो, कारण ते खोटे नाही. गट्टा, जारावंडी, कसनसूर, हालेवारा या भागातून कोर्टकामाला निघायचे म्हणजे त्या दिवसाची रोजी गेली. काम जिल्ह्याला असेल तर एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोली गाठायची आणि मुक्कामाची तयारी ठेवायची. नक्कलेची फी थोडी असते. पैसा जातो तो तिकिटात, खाण्यात आणि बुडालेल्या मजुरीत. मे महिन्यात माणूस तेंदूपाने तोडायला जंगलात असतो, आणि त्याच महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते. तेंदूचे पैसे हातात पडेपर्यंत पाऊस लागतो, नाले भरतात, आतल्या गावांचा रस्ता तुटतो. एवढे सगळे पार करून खिडकीशी पोचल्यावर संवाद होतो तो असा :

“साहेब, बापाच्या केसची नक्कल पाहिजे होती.”

“नंबर?”

“नंबर तर नाही जी.”

“नंबर आणा, मग पाहू.”

हे ज्याला ठाऊक आहे तो घरी बसतो. त्याला दोष देणार नाही. पण जो निघतो त्याचेच बरोबर आहे, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

वनहक्क कायदा 2006 चा. आदिवासी दावेदाराने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ती जमीन आपल्या ताब्यात असल्याचे दाखवायचे, आणि इतर पारंपरिक वननिवासींनी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवायचे. या कायद्याखाली 2008 साली जे नियम झाले, त्यांतला तेरावा नियम कोणकोणते पुरावे चालतील ते सांगतो. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, घरटॅक्सची पावती, शेतातली बांधबंदिस्ती, गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, असे बरेच काही त्यात आहे. आणि त्यातच न्यायालयांचे आदेश व निकाल आहेत, स्पष्ट शब्दांत.

आता विचार करा. 1990 च्या आसपास एखाद्यावर राखीव जंगलात नांगर धरला म्हणून खटला झाला. वनरक्षकाने गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, कंपार्टमेंट नंबर लिहिला, किती जागा मोडली ते मोजून लिहिले, साक्षीदार उभे केले, आरोपीचा अंगठा घेतला. न्यायाधीशाने दंड ठोठावला. त्या दिवशी त्या माणसाची मान खाली गेली असेल. पण त्याच कागदावर आज सरकारच्या हाताने लिहिलेले आहे की त्या साली, त्या कंपार्टमेंटमध्ये, हा माणूस जमीन कसत होता. त्याच्या बाजूने याहून भक्कम साक्ष कोण देणार? ज्या कुटुंबाने शरमेने तो कागद चुलीत घातला, त्याने आपलाच सातबारा जाळला. ज्याने जपला, त्याला लोक हसले. मी त्या जपणाऱ्यापुढे हात जोडतो.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, नाहीतर माझ्या स्तुतीने कुणी घाबरेल. पावती नाही, केस झालेली नाही, म्हणून दावा बुडाला असे नाही. 2012 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या याद्या, वनगुन्ह्याचे अहवाल असले किंवा नसले, तरी केवळ तेवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नाही, आणि अमुकच कागद आणा असा हट्टही दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही. म्हाताऱ्यांचा जबाब आणि शेताची बांधी एवढ्यावरही दावा उभा राहतो. पण एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि उपविभागीय समितीच्या टेबलावर कोर्टाच्या शिक्क्याचा कागद पडला की बोलणे थोडक्यात आटोपते.

तर मग तो कागद शोधायचा कुठे? गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. त्याआधी एटापल्ली चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी चांद्यात. 1956 पर्यंत तो चांदा आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता, आणि जमीनदारी होती तोवर इकडचा बराचसा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत. म्हणून 1982 च्या आधीची केस असेल तर गडचिरोलीला ‘इथे काही नाही’ हे उत्तर मिळणे स्वाभाविक आहे. ते उत्तर शेवटचे मानू नये, चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात विचारावे. 75 वर्षांचा पुरावा शोधणाऱ्या ढिवर, कुणबी, तेली कुटुंबांनी तर चंद्रपूर चुकवू नये. आणि प्रत्येक जुनी ‘केस’ न्यायाधीशापुढेच चालली असेल असेही नाही. जमिनीच्या कितीतरी भांडणांचे निकाल तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी देतात. 1974 च्या कायद्याखाली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची प्रकरणे महसूल खात्यातच चालली. ती नक्कल तहसीलच्या अभिलेखातून मागायची, कोर्टाच्या खिडकीवर ती सापडणार नाही.

नंबर नसला तरी वाटा आहेत. पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल मिळाले की त्यावरून कोर्टाचा नंबर निघतो. गुन्हा वनखात्याचा असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयातल्या वनगुन्हा नोंदवहीत तो असतो. कोर्टाच्या स्वतःच्या नोंदवह्या वर्षावार असतात. साल पक्के माहीत असेल तर लिपिकाला पाने उलटायला फार वेळ लागत नाही. साल माहीत नसेल तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. म्हणून घरून निघण्याआधी साल ठरवून घ्यावे. ‘मोठ्या मुलीच्या जन्माच्या पुढच्या वर्षी’, ‘दुष्काळ पडला त्या साली’, असे आठवले तरी चालते. शाळेच्या दाखल्यावरून मुलीचा जन्म कळतो आणि केसचे सालही सापडते.

अलीकडच्या केसेस ई-कोर्ट्सवर दिसतात. प्रत्येक केसला सोळा अंकाक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाची निदान तीन अक्षरे, एफ.आय.आर.चा नंबर किंवा वकिलाचे नाव टाकून शोधता येते. नावाने शोधताना मात्र माडिया माणसाची फार फसगत होते. एकच घराणे एका कागदावर नरोटी असते, दुसऱ्यावर नरोटे. एकीकडे पुंगाटी, दुसरीकडे पुंगाटे. पोलिसाने ऐकले तसे लिहिले, कोर्टात टंकलेखकाला वाचता आले तसे उतरले, संगणकावर इंग्रजी अक्षरांत आणखी तिसरे झाले. बापाचे नाव राहून गेले, गावाचे नाव बदलले. ‘रेकॉर्ड नाही’ या उत्तरामागे अनेकदा एवढेच असते की माणूस दुसऱ्या स्पेलिंगमध्ये बसलेला आहे. म्हणून नावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकावीत, आडनावाची सगळी रूपे एका चिठ्ठीवर लिहून न्यावीत, आणि एकाने ‘नाही’ म्हटले तरी दुसरे रूप पुढे करावे. हे करणाऱ्याला खिडकीवरची रांग खुळा म्हणते. म्हणू दे.

अर्जात कोर्टाचे नाव, केसचा प्रकार, नंबर, साल, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. फक्त ‘सगळे कागद द्या’ असे लिहू नये. निकाल, पंचनामा, साक्षीदाराची साक्ष, रोजनामा, जो हवा त्याचे नाव घ्यावे. रोजनाम्याकडे लोकांचे लक्ष जात नाही, ही मोठी चूक आहे. कोणत्या तारखेला कोर्टात काय झाले ते फक्त तिथे असते. स्वतः पक्षकार किंवा त्याचा वारस असाल तर वाट सरळ आहे. त्रयस्थ असाल तर कारण लिहून प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही. कोर्टाचे कागद कोर्टाच्या नियमांनीच मागायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे.

नक्कल हातात पडली की शेवटच्या पानावरच्या तीन तारखा पाहाव्यात. अर्ज केव्हा केला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळला जातो, 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 12 तसे सांगते. उशिराने घाबरलेल्या माणसाला या तीन तारखा वाचवतात, पण त्यासाठी अर्ज वेळेत पडलेला असावा लागतो.

तारखांचे मोल काय, ते याच तालुक्याने पाहिले आहे. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासोबत ज्यांना आरोपी केले, त्यांत एटापल्ली तालुक्यातले दोन आदिवासी तरुण होते. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी सगळ्यांना दोषी ठरवले. तो निकाल 827 पानांचा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 14 ऑक्टोबर 2022 रोजी सगळ्यांना सोडले, ते साक्षीपुराव्याच्या खोलात न शिरता, खटल्याला लागणारी मंजुरी कायद्याप्रमाणे नव्हती या मुद्द्यावर. मंजुरी कोणत्या तारखेची आणि न्यायालयाने दखल घेतली ती कोणत्या तारखेला, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोर्टाच्याच कागदांत होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दुसऱ्याच दिवशी स्थगित केला, पुढे एप्रिल 2023 मध्ये रद्द करून प्रकरण परत पाठवले, आणि 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष ठरवले. त्या दोन तरुणांतला एक ऑगस्ट 2022 मध्येच नागपूरला कैदेत असताना मरण पावला होता. त्याला सुटकेच्या त्या दोन्ही निकालांतला एकही ऐकता आला नाही. ज्या गावांतल्या मुलांचे आयुष्य अशा तारखांवर अडते, त्या गावांत तारखांचे कागद मागणे हा रिकामा उद्योग कसा ठरेल?

कायदा या खुळ्यांच्या बाजूने पुष्कळ आहे. फिर्याद देणाऱ्याला एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 च्या निकालात एफ.आय.आर. 24 तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, आणि दुर्गम भागासाठी ती मुदत जास्तीत जास्त 72 तासांपर्यंत सैल केली. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली, म्हणून इकडच्या कित्येक केसेस तिथे दिसत नाहीत. अशा वेळी आरोपीच्या माणसाने कोर्टात अर्ज करून प्रत मागावी. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये हे होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्येही आहे. त्याच कलमात असेही आहे की आरोपीने मागितल्यास, शक्य असेल तर, त्याच्या स्वतःच्या भाषेत निकालाचे भाषांतर द्यावे. माडिया बोलणाऱ्या माणसाने हे मागायलाच हवे. ‘शक्य नाही’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्यावे.

वकिलाच्या पैशाची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आधार आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क कलम 12 देते. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांनाही. नक्कलेचा अर्ज लिहून घेणे हे त्या मदतीतच येते. त्यासाठी कुणासमोर ओशाळायचे कारण नाही.

घाई मात्र करावी. कोर्टाचे कागद कायमचे राहत नाहीत. ठरावीक मुदतीनंतर ते नष्ट करण्याची सोय 1917 च्या कायद्यातच आहे, आणि किरकोळ फौजदारी केसच्या कागदांना आयुष्य कमी असते. वनगुन्ह्याच्या केसेस म्हणजे नेमक्या याच किरकोळ केसेस. ज्या कागदावर एका कुटुंबाची जमीन उभी राहू शकते, तो नियमाप्रमाणे आधी जातो. म्हणून वनहक्काचे दावे निकालात निघेपर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या जुन्या वनगुन्ह्यांच्या केसचे कागद नष्ट करणे थांबवावे, आणि जे शिल्लक आहेत त्यांची गाववार यादी, आडनावांच्या सगळ्या रूपांसह, एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयात आणि ग्रामसभांपुढे लावावी. न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि वनखाते यांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्यात होण्यासारखे हे काम आहे. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घालून पाठवता येते, आणि त्या ठरावाची पोच घ्यायला विसरू नये.