गुच्छ मामाकडून

भाचीच्या रिसेप्शनच्या गुच्छाचे फुलवाल्याने अडीच हजार सांगितले, तेव्हा सगळे गप्प बसले होते. गप्प बसायला मलाही कुणी मनाई केली नव्हती. तसं आपल्याकडे नवरीला हार आहे, मुंडावळ्या आहेत, वेणी आहे. पण १८४० साली राणी व्हिक्टोरियाने लग्नात संत्र्याची फुलं माळली, तिकडच्या मुलींनी ती टूम उचलली, आणि होता होता आमच्या डोंबिवलीतही हातात गुच्छ नसला तर स्टेजवरची नवरी अपुरी वाटायला लागली. वाटू दे. पण चार गुलाब, दोन लिली आणि रिबीन यांना अडीच हजार? ‘गुच्छ मामाकडून!’ मी बोलून बसलो. ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आदल्या दिवशी पहाटे दादरचं फूलमार्केट गाठलं. गुलाब सुटे मिळेनात, म्हणून अख्खी जुडी घेतली. डोक्याला प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेले जरबेरा घेतले. आणि लिलीवाला मिटलेल्या कळ्या द्यायला लागला तेव्हा ‘आम्हाला काय कळत नाही का?’ असं त्याला सुनावून टच्च फुललेल्या लिली निवडून घेतल्या. तो काही बोलला नाही. त्याचा माल खपला होता.

घरी मोबाइलवर एक मुलगी गुच्छ बांधून दाखवत होती. एक दांडी सरळ धरायची, पुढची तिच्यावर तिरकी टेकवायची, मूठ किंचित फिरवायची, पुन्हा तिरकी, पुन्हा फिरवायची; वर फुलांचा घुमट होतो आणि खाली दांड्या एकाच दिशेने पसरतात. बघताना हे इतकं सोपं होतं, की मी चहा पीत पीत बघितलं. मग काटे काढायला हिचं बटाट्याचं सोलणं घेतलं, त्यात गुलाबांची सालंच निघाली, दांड्या फिरवताना मध्येच फोन वाजला आणि उरलेल्या कोणत्या दिशेने फिरवायच्या तेच विसरलो, जरबेराची दांडी आतून पोकळ असते हे चार माना मोडल्यावर कळलं, रिबीन पुरेना म्हणून आतून लेंग्याची नाडी आवळली. तयार झाली ती केरसुणी.

‘छान आहे हो मामा,’ भाची म्हणाली. पोरगी गुणी आहे.

हॉलमध्ये माझ्या कुर्त्यावर पिवळे डाग दिसत होते. हळदीचे असतील म्हणून मी ते कौतुकाने मिरवले. तेवढ्यात तसेच डाग भाचीच्या मोतिया शालूवर उमटलेले दिसले, मी धावत स्टेजवर गेलो, रुमाल पाण्यात बुडवून खसाखसा पुसलं, आणि नखाएवढा डाग तळहाताएवढा झाला. फोटोग्राफर म्हणाला, ‘मॅडम, बुके तिथेच धरा, डाग झाकतोय.’ सबंध संध्याकाळ पोरीने गुच्छ खाली ठेवला नाही. इतकं कौतुक अडीच हजारवाल्यालाही मिळालं नसतं.

लिली घ्यायचीच असेल तर मिटलेली घ्या. उमलायला लागली की आतल्या तुऱ्यांवरच्या पिवळट-तपकिरी गाठी, त्यांची पूड सुटायच्या आत, चिमटीने खुडून टाका. तरीही पूड कपड्यावर पडलीच तर चिकटपट्टीने अलगद टिपून घ्या. पाण्याचा हात अजिबात लावू नका. माझा तर नकोच.