हलकं चाक

“भाऊ, चलाना है के दिखाना है?”

उस्तादने एवढंच विचारलं. मला राग आला, कारण उत्तर त्याला माहीत होतं आणि मलाही.

लॉराचा गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला होता. उस्तादने क्लचप्लेट उजेडात धरली. रिव्हेटपर्यंत झिजलेली, आणि वास असा की कुणीतरी तव्यावर सायकलची ट्यूब भाजली असावी. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे-जांभळे डाग. “बहुत पकाया,” तो म्हणाला. त्यात कौतुक नव्हतं.

पकवलं ते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, असं मी गावात सांगितलं होतं. एक फेरी 3.7 किलोमीटरची. सरळ पट्ट्यावर चौथ्या गिअरात पाय दाबला, काटा साडेपाच हजारांवर गेला आणि गाडीला त्याची वार्ताच नाही. आमच्या शहराच्या पाणीपुरवठ्यासारखं: आकडे वर चढतात, नळाला काही येत नाही. कॉलेजातल्या एका पोराची पोलो शेजारून निघून गेली. जाताना त्याने हात केला. तो हात मला अजून दिसतो.

हजारावर किलोमीटर गाडी हाकत जायचं, पैसे भरायचे, गोल-गोल फिरायचं आणि परत यायचं, हे आमच्या चितेगावात समजावून सांगणं अवघड आहे. “बक्षीस काय?” नाही. “मग पयला कोण येतो?” कुणीच नाही, ज्याने त्याने आपला वेळ सुधारायचा. शंकरपटात निदान बैलजोडी तरी मिरवता येते, असा एकंदर सूर. गाडीच्या दारावर 27 आकडा चिकटवला, तर दोघांनी विचारलं, कुठल्या वॉर्डातून उभा राहतोय म्हणून.

उस्तादने मात्र माझी चेन्नईची कथाही टिकू दिली नाही. त्याचं म्हणणं, ट्रॅकवर क्लच दाबता किती? सुटताना एकदा, मग गिअर बदलताना क्षणभर. क्लच जळतो तो अर्धवट दाबून धरल्याने. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेकला हात न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची माझी खास कला आहे, आणि शेजारी कुणी बसलेलं असेल तर ती जास्तच फुलते. शिवाय पैठण रोडवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे रोज पहिल्या गिअरात सरपटणं. थोडक्यात, क्लच पैठण रोडवर मेला. चेन्नईला फक्त दहावं झालं.

लॉरा आरएस. 2011 साली आली, 1.8 लिटर, टर्बो पेट्रोल, 160 हॉर्सपॉवर. आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, म्हणजे गाववालीच. बाहेरच्या देशांत तिला ऑक्टाव्हिया म्हणतात. आपल्याकडे आधीची ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती म्हणून पुढच्या पिढीला दुसरं नाव दिलं. “लॉराला चेन्नईला घेऊन गेलो होतो,” हे वाक्य मी एका लग्नात जरा मोठ्याने बोललो, तेव्हा आत्याने घास खाली ठेवला होता.

तर निवड. उस्तादने विचारलं खरं, पण मी आधीच निवडून, मागवून बसलो होतो. सिरॅमिकच्या सहा चकत्यांची प्लेट, कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट आणि एकसंध हलकं फ्लायव्हील. आठ क्विंटल कापसाचे पैसे. खोकं आलं त्या दिवशी मी ते चाक घेऊन अडतीवर गेलो. कारण सांगायला हवं का? लोकांसमोर तोलायचं होतं. जुनं डुअल मास साडेअकरा किलो भरलं, नवं सव्वासहा. अडत्याने सवयीने ओलाव्याचे पाव किलो कापले.

डुअल मास म्हणजे एकात एक दोन चाकं आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनचे हिसके त्या स्प्रिंगा पोटात घालतात, म्हणून गिअरबॉक्स शांत राहतो. एकसंध चाक हे काही करत नाही. ते हलकं, पाय लावला की इंजिन उसळी मारतं, सोडला की धपकन खाली. वळणाआधी गिअर उतरवताना ही चपळाई सोन्यासारखी. बदल्यात न्यूट्रलमध्ये उभी असताना गाडी टपरीवरच्या कपबशांसारखी वाजते आणि सुटताना थोडी चूक झाली की बंद पडते. सिरॅमिक प्लेट कितीही तापली तरी सोडत नाही, पण धरते तीही मांजराच्या पिल्लासारखी नाही, विंचवासारखी. हे सगळं मला पाठ होतं. मी ते अडतीवर सांगितलंही. एक म्हातारा म्हणाला, “पर चाक जड कामून असतंय, ते सांग की.”

ते मला त्या म्हाताऱ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं, पाच हॉर्सपॉवरचं. त्याच्या चाकाला मी लहानपणी टेकून उभा राहिलो की चाक माझ्या छातीला लागायचं. ते चालू करणं दोन माणसांचं काम. खटका उचलून ठेवायचा, म्हणजे व्हॉल्व उघडा राहतो आणि इंजिन रिकामं श्वास घेतं. मग हँडल. पहिला फेरा अंगावर येतो, दुसरा जरा कमी, तिसऱ्याला चाक आपल्या बाजूने होतं. चौथ्या-पाचव्याला तर असं वाटतं की तेच आपल्याला फिरवतंय. बरोबर त्या वेळी “सोड!” अशी आरोळी आली की खटका पाडायचा. एक धाप. दुसरी. काळ्या धुराचा गोळा, आणि मग टुक-टुक-टुक, जी पार बिडकीनच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायची. पट्ट्यावर चिमूटभर राळ टाकायची, नाहीतर तो घसरतो. पाणी पाटात पडलं की पहिल्यांदा त्याला डिझेलचा वास यायचा, मग मातीचा. सगळी जादू त्या जड चाकात होती. दाबाचा जो एक अवघड क्षण असतो, तो चाक मागच्या कमाईवर ओलांडतं.

हँडल अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, खटका माझ्याकडे. मी नऊ वर्षांचा होतो. एके दिवशी मला आरोळीची वाट बघायची नव्हती. मला कळतं हे दाखवायचं होतं. दुसऱ्याच फेऱ्याला खटका पाडला. चाकात अजून जोर भरलेला नव्हता. इंजिनने उलटी लाथ मारली, हँडल सुटलं आणि अण्णांच्या डाव्या गुडघ्यावर बसलं. ते खाली बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आईला सांगितलं, बैलाने लाथ मारली. आजतागायत घरात ते बैलाचंच नाव आहे.

लॉरा रोज सकाळी साडेसहाला अण्णाच काढतात. मी वर्षातून दोनदा ट्रॅकवर जातो. ते वर्षभर शेतावर जातात, मागच्या सीटवर पेंडीचं पोतं आणि दुधाची कॅन घेऊन.

उस्तादकडे माझ्याच मापाचा कडक क्लच बसवलेली दुसऱ्या गिऱ्हाईकाची गाडी उभी होती. अण्णा सोबत आले होते. “बसून बघा चाचा,” उस्ताद म्हणाला. अण्णा बसले. डावा पाय पेडलवर ठेवला, दाबला. पेडल अर्ध्यावर थांबलं. त्यांनी सीटच्या पाठीला खांदे रोवले आणि पुन्हा दाबला. या वेळी गेलं खाली. कपाळावरची शीर दिसली. “मजबूत आहे,” ते म्हणाले. उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून तो पाय उचलून बाहेर ठेवला, जसं आपण पोतं ठेवतो. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी उस्तादला म्हणालो, कारखान्याचंच टाका. डुअल मास, साधी ऑरगॅनिक प्लेट, साधी प्रेशर प्लेट, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंगही नवं. “हौ,” तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की माल त्याने आधीच काढून ठेवला असावा, असा माझा संशय आहे.

तर लॉरा आता लोण्यासारखी सुटते. पोलोवाला पोरगा पुढच्या वेळीही हात करणार. नाहीतरी बिडकीनला एथरने 2024 मध्ये विजेच्या स्कूटरच्या कारखान्याची घोषणा केली आहे. त्या गाड्यांना क्लच नसतोच. मला याचं वाईट वाटतं, अण्णांना नाही.

सिरॅमिकची प्लेट आणि ती कडक प्रेशर प्लेट एका मित्राने अर्ध्या किमतीत नेली. हलक्या फ्लायव्हीलला गिऱ्हाईक मिळालं नाही. मक्याच्या ढिगावर ताडपत्री टाकली, तेव्हा अण्णांनी एका कोपऱ्यावर जळकं जुनं चाक ठेवलं आणि दुसऱ्यावर माझं नवं, चकचकीत. रात्री वारं सुटलं. सकाळी माझ्या बाजूची ताडपत्री उघडी पडलेली, अर्धा मका भिजलेला.

अण्णांनी माझं चाक एका हाताने उचललं, जरा तोलून बघितलं.

“हे काही कामाचं नाही,” ते म्हणाले. “त्या दुसऱ्यासारखं अजून एक मिळतं का बघ.”