रोल संपवायचा होता म्हणून

नेसरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या सातांचा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी ते साऱ्या महाराष्ट्राला डोळ्यांसमोर दिसतात. आमच्या घराण्याचे फोटो मात्र ट्रंकभर आहेत आणि दिसत काहीच नाही, कारण निम्मे अजून निगेटिव्हमध्येच आहेत.

म्हणून फिल्म स्कॅनर आणला. पट्टी साच्यात बसवायची, खालून उजेड, वरून स्कॅन. २४०० डीपीआयला ठेवलं, तर पस्तीस एमएमच्या एका फोटोचे साधारण ७७ लाख पिक्सेल होतात. घराण्यात एवढे लाख पहिल्यांदाच आले.

आक्कानं एक पट्टी खिडकीशी धरली. "ही पांढऱ्या केसांची म्हातारी कोण रं?"

"तूच की. लग्नातली."

"आणि दात काळे?"

निगेटिव्हमध्ये असंच असतं, हे तिला पटलं. पण शेजारच्या नवरदेवाचंही तसंच झालंय, हे बघितल्यावरच ती निवांत झाली.

आगफाच्या क्लिक थ्रीच्या चौकोनी निगेटिव्ह साच्यात बसतच नाहीत. त्यांचं पुढं बघू. बाकीच्यांवर आमच्याकडच्या पावसाची मेहरबानी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, बुरशीला तेवढंच पुरतं. धूळ-ओरखडे आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय यंत्रात आहे, ती रंगीत फिल्मवर छान चालते. कृष्णधवलवर नाही, कारण तिथलं चित्रच चांदीचं आणि चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. चांदीपायी जुन्या फिल्मा वितळवणारेही होऊन गेले. इथल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला; आज तो बघायला मिळत नाही. आमच्या ट्रंकेतही चांदी आहे, हे घरात कुणाला वेळेवर कळलं नाही, हे नशीबच.

खरी गंमत पट्टीच्या टोकाला आहे. छत्तीसचा रोल बेंदराला घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. मधे पाहुणे आले तरी 'रोल संपंल' म्हणून नुसता फ्लॅश मारायचा, पाहुणे खूश. शेवटचे चार-पाच उरले की मात्र गडहिंग्लजला धुवायला टाकायची घाई, मग दिसेल त्याच्यावर कॅमेरा. गोठा. पायरीवरच्या चपला. पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागं सारत "मला कशाला काढतोस" म्हणणारी आई, अर्धं वाक्य तोंडातच. अल्बममध्ये हीच आई खांबासारखी उभी आहे, पदर दोन्ही खांद्यांवर, नजर फोटोग्राफरच्या बोटावर. टोकाच्या फोटोंच्या कॉप्या कधी काढल्याच नाहीत. वाया गेलेल्यांवर पैसे कोण घालणार? स्कॅनरला यातलं काही ठाऊक नाही. तो आहेराच्या फोटोला जेवढा वेळ देतो तेवढाच चपलांनाही.

घरच्या ग्रुपवर मी लग्नाचे फोटो टाकले, अंगठे आले. मग गोठ्यातली म्हैस टाकली आणि पुण्या-मुंबईची भावंडं जागी झाली. ती चांदणी की गौरी, यावर दोन चुलतभावांची जुंपली. गौरीचं शिंग मोडकं होतं, असं एकाचं म्हणणं. शिंग नेमकं चौकटीबाहेर. धार आक्का काढायची, पण तिला ग्रुपवर अजून कुणी घेतलेलं नाही.