सेन्सर गेलाय म्हणायचं नाही

खडी क्रशरवर हिशेब लिहिणाऱ्या माणसाला इंजिनातलं काही कळावं अशी कुणाची अपेक्षा नसते. मला जे कळतं ते बिलांवरून. डिझेल, ग्रीस, हायड्रॉलिक होज, बकेटचे दात हे खर्च समजण्यासारखे आहेत. पण कॉमन रेलची इंजिनं आली आणि वहीत 'सेन्सर' नावाचा एक रकाना वाढला. पोकलेन जरा अडखळलं की मेकॅनिक म्हणतो, "सेन्सर गेला." नवा येतो, बसतो, बिल माझ्याकडे येतं आणि मशीन होतं तसंच अडखळत राहतं. मग दुसरा सेन्सर जातो. गेलेले सगळे माझ्या टेबलाच्या खणात येतात. त्यातले बरेचसे धडधाकट आहेत, असं अण्णा म्हणतात.

अण्णा म्हणजे आमच्या सोलापूर भागात बांधकामाच्या मशीनची वायरिंग बघणारे गृहस्थ. जुनी मोटारसायकल, पाठीला सॅक, सॅकमध्ये मल्टिमीटर. तो मीटर ते नातवालासुद्धा हात लावू देत नाहीत. जगात खरं बोलणारी वस्तू ती एकच, बाकी सगळे ऐकीव बोलतात, असा त्यांचा पक्का समज आहे. मालक लोकांना ते हवेही असतात आणि नकोसेही. हवे, कारण दोष सापडतो. नकोसे, कारण तो कुणामुळं झाला हेही सापडतं.

आले की ते मशीनकडे जात नाहीत. चहा घेतात आणि ऑपरेटरला शेजारी बसवून विचारतात : गाडी धुतली कधी? वेल्डिंग मारलं कधी? हात कुणी लावला? प्रेशरनं मारलेलं पाणी वायरींच्या कपलरमध्ये शिरलं की पिना हिरव्या पडतात. बॅटरीच्या वायरी न काढता बकेटला वेल्डिंग मारलं तर ईसीएमचाच, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचाच, बळी जाऊ शकतो. आमचा ऑपरेटर झारखंडचा. तिन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर एकच, "कुछ नहीं किया, साहब." अण्णा ते वहीत लिहून घेतात.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. वीस टनी मशीन पॉवर घेईना. इंजिनाचा दिवा लागलेला, आणि स्कॅनरवर बिघाडाचे कोड एक नाही, तीन : रेल प्रेशर, ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर. मेकॅनिकनं निकाल दिला की तिन्ही सेन्सर गेले. मालकांनी पुण्याहून एसटीच्या पार्सलनं तिन्ही मागवले. पार्सल सोडवून आणलं त्याच दिवशी अण्णा आले आणि खोक्यांकडे बघत म्हणाले, "मालक, तीन सख्खे भाऊ एका दिवशी आजारी पडले, तर आधी काय विचारायचं? कुठं जेवले ते."

जेवण म्हणजे ५ व्होल्ट. मशीनच्या बॅटऱ्या दोन, मिळून २४ व्होल्टच्या. पण प्रेशरच्या सेन्सरला ईसीएम वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय देतो. एक वायर सप्लायची, एक अर्थची, तिसरीतून सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये आपलं म्हणणं कळवतो. त्याच्या बाहेरचं काही आलं की ईसीएम ते खरं धरत नाही, कोड टाकतो. कोडाच्या शेवटच्या आकड्यात सगळं असतं : ३ म्हणजे व्होल्टेज फार वर, ४ म्हणजे फार खाली, ५ म्हणजे करंट कमी, बहुधा वायर तुटलेली. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी ४. मेकॅनिकनं कोडातलं सेन्सरचं नाव तेवढं वाचलं होतं. अण्णांच्या मते हा धंदा बुडतो तो एवढ्यावरच, नाव वाचून आकडा सोडल्यामुळं.

तिन्ही कपलर काढून त्यांनी सप्लायच्या पिनेवर मीटर लावला. ५ व्होल्टच्या जागी जवळजवळ शून्य. सेन्सर सगळे बाहेर, तरी सप्लाय बसलेला. म्हणजे तिघेही निर्दोष. मग चावी बंद, ईसीएमचा कपलर मोकळा, आणि मीटरचं एक टोक सप्लायच्या वायरीला, दुसरं बॉडीला. मीटर बोंबलायला लागला. वायर कुठंतरी बॉडीला टेकली होती. आता ते हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत निघाले, वीतभर पुढं, पुन्हा वीतभर पुढं. हेल्परला काम एकच, आवाज ऐकायचं. टेस्ट लॅम्प नाही, वायरीला सुई टोचणं तर नाहीच. टोचलेल्या भोकातून पाणी जातं आणि पुढच्या वर्षी तांबं आतून हिरवं होतं. असली टोचलेली वायर दिसली की अण्णा टोचणाऱ्याच्या सात पिढ्या काढतात. दोन तास हे चाललं. इंजिनाच्या मागं हार्नेस उचलला आणि आवाज थांबला.

ब्रॅकेटच्या धारेवर घासून तांदळाएवढं तांबं उघडं पडलं होतं. हार्नेस तिथं क्लॅम्पमध्ये असायला हवा होता. क्लॅम्प नव्हता. तो ऑपरेटरच्या केबिनमध्ये मिळाला, छोटा पंखा धरून उभा. अण्णांनी वही उघडली, "कुछ नहीं किया" वाचून दाखवलं आणि ऑपरेटरकडून पंखा त्याच्याच हातानं सोडवून घेतला. तांबं डाग मारून, स्लीव्ह चढवून झाकलं, क्लॅम्प जागेवर बसवला, मशीननं पॉवर घेतली.

तंटा झाला तो नंतर. सेन्सरच्या पावतीवर छापलं होतं, इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. मालक म्हणाले, "आणलेतच तर बसवून टाका." अण्णांनी साफ नकार दिला. पंधरा मिनिटं एक चाळिशीतला मालक आणि एक साठीकडे झुकलेला माणूस, चांगला सेन्सर काढावा की नाही यावर भांडत होते. खोकी शेवटी माझ्या खणात आली.

सेन्सर कधीच जात नाही असं मात्र त्यांचं म्हणणं नाही. एकदा भर मे महिन्यात टेंपरेचरचा कोड आला. अण्णांनी कपलर काढला आणि स्कॅनरवर उणे ४० अंश आले. ऑपरेटर हरखून फोटो काढायला लागला. मग कपलरच्या दोन पिना वायरीनं जोडल्या तर आकडा थेट वरच्या टोकाला. दोन्ही टोकांना जातोय, म्हणजे वायर आणि ईसीएम शाबूत. "बदला," ते म्हणाले, आणि जवळचं कुणी गेल्यासारखे गप्प बसले.

घरी हाच हिशेब. डॉक्टरांनी बीपी १६० सांगितल्यावर त्यांनी विचारलं, पट्टा सैल नव्हता ना? दुसऱ्या हाताचं घ्या. दुसऱ्या हाताचंही १६० आलं. गोळी चालू आहे, पण मशीन शेवटचं कधी तपासलं हे ते डॉक्टरांना दर महिन्याला विचारतात. त्यांच्या बायकोनं तर घरातली कुठलीच वस्तू बिघडली असं त्यांना सांगणं सोडून दिलंय.

तेव्हा अण्णांना फोन लावाल तर 'सेन्सर गेलाय' म्हणू नका. ते फोन ठेवतात. कोड सांगा, शेवटच्या आकड्यासकट सांगा. गाडी कधी धुतली ते खरं सांगा. आणि ते येईपर्यंत काही मागवू नका.